काल्पनिक भूमिकाखेळांच्या नियमप्रणाली

काल्पनिक भूमिकाखेळ हा संवादाच्या आधारे चालणारा बैठा खेळ आहे. टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसलेले खेळाडू एका कल्पित जगातील पात्रांच्या भूमिका घेतात, त्यांच्या वतीने निर्णय घेतात आणि ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असतो तो फासे टाकून ठरवतात. इंग्रजीतील ‘टेबलटॉप रोलप्लेइंग गेम’ या नावावरून त्याला ‘आरपीजी’ असेही म्हणतात. राक्षस, जादू, शापित किल्ले आणि हरवलेली राज्ये यांनी भरलेली अद्भुत सृष्टी ही या खेळाची सर्वांत जुनी आणि सर्वाधिक खेळली जाणारी शाखा होय.

कोणत्या कृतीसाठी कोणता फासा टाकायचा, यश कशास म्हणायचे, पात्राला इजा कशी होते, ते अनुभवाने कसे वाढते, हे सांगणाऱ्या नियमांच्या संचाला नियमप्रणाली म्हणतात. अशा प्रणाली शेकड्यांनी आहेत. त्यांतील ‘सर्वोत्तम’ कोणती हा प्रश्न नवखे खेळाडू हमखास विचारतात. परंतु तो प्रश्न अपुरा आहे. किती जण खेळणार, किती वेळ बसणार, तयारी कोण करणार आणि नियम कोणत्या भाषेत समजावून द्यावे लागणार, यांवर प्रणालीची योग्यता ठरते. एका गटाचे वर्षभर मन रमवणारे नियम दुसऱ्या गटाला पहिल्या तासातच जड होतात.

खेळाचे स्वरूप

बहुतेक प्रणालींत एक व्यक्ती सूत्रधार असते. जगाचे वर्णन करणे, शत्रू व इतर पात्रांच्या वतीने बोलणे आणि नियमांचा निवाडा करणे ही तिची कामे. उरलेले खेळाडू प्रत्येकी एक पात्र चालवतात. एका वेळच्या खेळाला बैठक आणि अनेक बैठकांतून पुढे जाणाऱ्या कथेला मोहीम म्हणतात. या खेळात सहसा कोणी जिंकत किंवा हरत नाही. खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतात आणि सूत्रधारही त्यांचा प्रतिस्पर्धी नसतो. बुद्धिबळ किंवा कॅरमची सवय असलेल्यांना सुरुवातीला हीच गोष्ट समजत नाही.

संहितेवाचून भूमिका उभी करण्याची कला मराठी मुलखाला अपरिचित नाही. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील दशावतारात नटांच्या हाती लिखित संवाद नसतात. प्रयोगाआधी कथानकाची रूपरेषा ठरते आणि संवाद रंगमंचावर सुचतील तसे बोलले जातात. तमाशातील बतावणीही हजरजबाबीपणावर उभी असते. कवड्या टाकून नशीब ठरवणाऱ्या सारीपाटात फाशाचा थरार आहे. मोक्षपटात पापपुण्याच्या घरांतून चढणाऱ्या-उतरणाऱ्या सोंगटीची कथाही आहे. मात्र दशावतारात फासा नाही आणि मोक्षपटात खेळाडूला निवड नाही. यांतून भूमिकाखेळ निर्माण झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल. तो आला तो युद्धखेळांतून. तरीही दशावतार पाहिलेल्या माणसाला सूत्रधाराचे काम समजावून सांगायला दोन वाक्ये पुरतात, हा अनुभव आहे.

उगम आणि शाखा

एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नकाशावर खेळला जाणारा ‘क्रीग्जश्पील’ हा युद्धखेळ १८२४ पासून रूढ झाला. त्यात निर्णय देणारा पंच असे. विसाव्या शतकात अशा खेळांचा छंद अमेरिकेत पसरला. सैन्याऐवजी एकेका योद्ध्याची भूमिका घेण्याची कल्पना १९७० च्या सुमारास मिनेसोटा राज्यातील छंदिष्टांच्या गटात आकाराला आली. त्यांपैकी डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केले. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. आज अद्भुतरम्य संगणकीय खेळांत दिसणारे जीवनगुण, अनुभवगुण आणि पातळी हे शब्दप्रयोग मोठ्या प्रमाणात तेथूनच आलेले आहेत.

नियम क्लिष्ट आहेत ही तक्रार खेळाइतकीच जुनी आहे. मूळ पुस्तके वाचून गोंधळलेल्या केन सेंट आंद्रे यांनी १९७५ मध्येच, केवळ सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ काढला. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने योद्धा, चोर, मांत्रिक असे ठरीव पेशे टाकून देऊन प्रत्येक कौशल्य शंभरपैकी किती टक्के, असे मांडले. १९८६ च्या ‘गर्प्स’ने कोणत्याही काळातील आणि जगातील कथेसाठी एकच नियमसंच देण्याचा प्रयत्न केला. पुढे २००९ मध्ये आलेला ‘पाथफाइंडर’ हा डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीचा वारस. त्याची दुसरी, बरीच बदललेली आवृत्ती २०१९ ची आहे.

या धारेच्या उलट दिशेने गेलेल्या प्रणालीही आहेत. ‘फेट’ (‘कोअर’ आवृत्ती २०१३) आणि २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’च्या धर्तीवर बेतलेला ‘डन्जन वर्ल्ड’ (२०१२) यांत आकड्यांपेक्षा कथेच्या वळणाला महत्त्व आहे. तिसरी दिशा जुन्या काळच्या साधेपणाकडे परतणाऱ्यांची. २०२० चा ‘केर्न’ हे तिचे छोटेखानी उदाहरण होय. डन्जन्स अँड ड्रॅगन्सची २०१४ ची पाचवी आवृत्ती (सुधारित रूप २०२४) या सर्वांच्या मधोमध उभी आहे आणि लोकप्रियतेत सर्वांच्या पुढे आहे.

एक प्रसंग, निरनिराळे नियम

प्रणालींतील फरक व्याख्यांनी समजत नाही; एकच प्रसंग निरनिराळ्या नियमांनी खेळून पाहिला की समजतो. कोल्हापूरच्या वाचकाला डोळ्यांसमोर आणता येईल असे स्थळ म्हणजे पन्हाळगडावरील अंधारबाव. तीन दरवाज्याजवळची ही काळ्या दगडातील तीन मजली वास्तू. तळाशी विहीर आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर नेणारा चोरदरवाजा. आता कल्पना करावी की, कोणा अद्भुत राज्यातील अशाच एका बावेत चार पात्रे रात्री उतरली आहेत: एक दांडपट्टा चालवणारा, एक हेर स्त्री, एक वैदू आणि एक मांत्रिक. चोरदरवाज्याला कुलूप आहे आणि खालच्या पाण्यात वेताळ जागा होत आहे. हेर कुलूप उघडू पाहते.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत सूत्रधार कुलपाचा अवघडपणा ठरवतो, समजा १५. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात हेराचे चापल्य व कसब यांचे मिळून ५ मिळवतो. बेरीज १५ किंवा अधिक झाली तर कुलूप उघडले, नाही तर नाही. म्हणजे फाशावर १० किंवा वर पडले पाहिजे आणि यशाची शक्यता ५५ टक्के. वेताळ वर आला की चाल कोणाची आधी हे ठरते. मग प्रत्येकाची पाळी, वार, बचाव, जीवनगुणांची वजाबाकी. पाच जणांच्या टेबलावर अशी एक झुंज अर्धा-पाऊण तास सहज घेते. ज्यांना झुंजीचे डावपेच आवडतात त्यांच्यासाठी तोच पाऊण तास खेळाचा गाभा असतो.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीतही वीस बाजूंचाच फासा आहे, पण निकाल चार प्रकारचे आहेत: घवघवीत यश, यश, अपयश आणि दारुण अपयश. लक्ष्यापेक्षा दहाने वर किंवा खाली गेले की निकाल एका पायरीने सरकतो. कुलपाला सहसा एकाहून अधिक यशे लागतात आणि दारुण अपयशात हत्यारच मोडते. झुंजीत प्रत्येक पाळीला तीन कृती मिळतात. त्या सरकण्यात, वारात की ढाल उचलण्यात खर्च करायच्या, हा हिशेब मोठा रंजक आहे. तो हिशेब करायला न आवडणाऱ्या खेळाडूला मात्र ही प्रणाली परीक्षेसारखी वाटते. तिच्या मूळ नियमग्रंथाची पाने सहाशेंवर होती.

डन्जन वर्ल्डमध्ये सूत्रधार फासा टाकतच नाही. हेर दोन साधे फासे टाकते आणि आपला गुण मिळवते. बेरीज १० किंवा अधिक असल्यास कुलूप उघडते. ७ ते ९ आल्यास कुलूप उघडतेच, पण सूत्रधार संशय, धोका आणि किंमत यांतील दोन पर्याय पुढे ठेवतो व खेळाडू त्यांतील एक निवडतो: दार उघडताना बिजागरी किंचाळेल आणि वेताळ वर पाहील, किंवा हत्यार कुलपातच अडकून राहील. ६ किंवा कमी आले तर सूत्रधार कथेला संकटाकडे ढकलतो. ‘काहीच घडले नाही’ असा निकाल येथे जवळजवळ नसतो, हेच या प्रणालीचे मर्म होय.

फेटमध्ये पात्राचे वर्णन आकड्यांइतकेच छोट्या वाक्यांनी होते. ही वाक्ये अडचणीत आणणारीही असावीत अशी अपेक्षा असते. येथे मराठीला एक आयता लाभ आहे, तो म्हणजे म्हणी. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ हे ज्या मांत्रिकाचे लक्षणवाक्य आहे, त्याला सूत्रधार ऐन वेळी आठवण करून देतो, ‘तू मंत्राची तीन पाठांतरे ताडून पाहत बसलास आणि वेताळ पायरीवर आला.’ खेळाडूने ही अडचण स्वीकारली तर त्याला एक दैवगुण मिळतो. पुढे तोच खर्च करून तो आपल्या बाजूच्या वाक्याच्या आधारे फाशाला २ जोडू शकतो. बावेतील ‘मिट्ट काळोख’ हेही असेच वाक्य. हेर त्याचा आडोसा घेऊ शकते आणि वेताळही.

केर्नमध्ये कुलूप उघडण्याचे कसब असा स्तंभच नाही. हेराजवळ तार आहे, घाई नाही आणि ती काय करते हे खेळाडूने नीट सांगितले, तर कुलूप उघडते. फासा धोका असेल तेव्हाच. झुंजीत वार चुकत नाही, थेट इजेचा फासा पडतो. त्यामुळे वेताळाशी लढाई चार-पाच मिनिटांत संपते आणि बहुधा वाईट संपते. हुशार खेळाडू लढतच नाहीत. दोर टाकतात, कंदील विझवतात, वेताळाशी सौदा करतात. सबंध नियमपुस्तिका दोन डझन पानांची आहे.

फाशांचे गणित

शाळेतील संभाव्यतेचा धडा येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, ५ टक्के, असते. त्यामुळे कसलेला योद्धाही अनेकदा चुकतो आणि नवखाही कधी चमकतो. पाचव्या आवृत्तीतील ‘अनुकूलता’ हा नियम यावर सोपा उतारा आहे. परिस्थिती बाजूने असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. ११ किंवा वरचा आकडा हवा असेल तर ५० टक्क्यांची शक्यता त्यामुळे ७५ वर जाते.

दोन साध्या फाशांच्या बेरजेत मधले आकडे जास्त वेळा येतात. डन्जन वर्ल्डमध्ये गुण शून्य असेल तर ३६ पैकी ६ वेळा पूर्ण यश, १५ वेळा अर्धे यश आणि १५ वेळा संकट असे प्रमाण पडते. गुण २ झाला की पूर्ण यश १५, अर्धे यश १५ आणि संकट ६. म्हणजे ‘होय, पण…’ हा निकाल बदलतच नाही. कथा सतत हलती ठेवण्याची तजवीज गणितातच केलेली आहे. फेटच्या चार फाशांवर अधिक, उणे आणि कोरी अशा बाजू असतात. त्यांची बेरीज ८१ पैकी ५१ वेळा उणे एक ते अधिक एक यांच्या आतच राहते, म्हणून तेथे नशिबापेक्षा पात्राचे कसब बोलते.

गटानुसार निवड

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी प्रणालीची पहिली कसोटी अशी की, मुलाला बेरीज न करता निकाल कळला पाहिजे. ‘हीरो किड्स’ (२०१२) या खेळात मूठभर साधे फासे टाकून सर्वांत मोठा आकडा पाहायचा असतो. चार ते दहा वर्षे हा त्याचा वयोगट. बैठक अर्ध्या-पाऊण तासाची ठेवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लहान मुले सूत्रधाराची कथा ऐकायला बसत नाहीत, ती स्वतःची सांगायला बसतात. आजी-आजोबांनी सूत्रधार व्हायचे ठरवले तर ही गोष्ट आधीच मनाशी बांधलेली बरी.

शाळेच्या वर्गाची अडचण निराळी असते. पन्नास मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास यांत कोणतीही प्रणाली मूळ स्वरूपात बसत नाही. पाच-पाचांचे गट करून प्रत्येक गटात एक विद्यार्थी सूत्रधार नेमायचा, तर नियम एका पानात मावले पाहिजेत. केर्न किंवा त्याचाही संक्षेप येथे चालतो. पाचवी आवृत्ती वर्गात नेण्याचा प्रयत्न करू नये. पात्र तयार करण्यातच तास संपतो. दुसरा मार्ग असा: सारा वर्ग मिळून एकच पात्र चालवतो, निर्णय हात वर करून होतो आणि फासा प्रत्येक वेळी निराळा विद्यार्थी टाकतो. याला शुद्ध भूमिकाखेळ म्हणता येणार नाही, पण निबंधात ‘आणि मग ते आनंदाने राहू लागले’ एवढ्यावर थांबणारी मुले त्यानंतर कारणे आणि परिणाम लिहू लागतात.

महाविद्यालयीन गटांत डन्जन्स अँड ड्रॅगन्स हीच बहुधा पहिली निवड असते, कारण मालिका, चित्रपट आणि यूट्यूबवरील खेळांमुळे ते नाव ठाऊक झालेले असते. वसतिगृहातील चार-पाच मित्र, दर शनिवारी तीन-चार तास आणि नियम वाचण्याची हौस असलेला एक तरी जण असेल तर ही निवड योग्यच आहे. त्यातही सर्वांनी आकडेमोडीत रस घेतला तर पाथफाइंडर अधिक समाधान देतो. त्याचे नियम संकेतस्थळावर विनामूल्य आणि अधिकृत परवानगीने उपलब्ध आहेत, ही बाब विद्यार्थ्यांच्या खिशाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्यासारखी नाही. मात्र परीक्षा आल्या की मोहीम मोडते आणि सहा महिन्यांनी कोणालाच नियम आठवत नाहीत. अशा खंडित गटाने हलक्या प्रणालीकडे वळावे.

नाटकाची, कथाकथनाची किंवा लेखनाची आवड असणाऱ्या मंडळींना फेट आणि डन्जन वर्ल्ड मानवतात. या गटांत एक धोका असतो. बोलके दोघे बोलत राहतात आणि मितभाषी तिघे प्रेक्षक होतात. पाळी ठरवून देणारी जड प्रणाली या बाबतीत अधिक न्यायी ठरते, हे हलक्या प्रणालींचे पुरस्कर्ते सहसा मान्य करत नाहीत. लाजाळू खेळाडूला ‘आता तुझी पाळी, हे तीन पर्याय’ असे नियमानेच सांगितले की तो निर्धास्त होतो.

दिवाळीच्या सुट्टीत जमलेले कुटुंब हा गट सर्वांत अवघड आणि सर्वांत आनंदाचा. दहा वर्षांची भाची आणि सत्तरीचे काका एकाच टेबलावर. झुंजीचे नियम कमी आणि प्रवास जास्त असा खेळ येथे शोभतो. ‘र्‍युतामा’ हा जपानी खेळ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यातील पात्रे वीर नसतात. शेतकरी, व्यापारी, वैद्य, कारागीर अशी साधी माणसे प्रवासाला निघतात आणि हवामान, वाट, मुक्काम व शिदोरी यांसाठी फासे टाकतात. वारी ठाऊक असलेल्या घरात या खेळाची कल्पना समजावून सांगावी लागत नाही. वाट चुकल्याचा फासा पडला की ‘चकवा लागला’ असे म्हणण्याचा मोह कोणत्याही मराठी सूत्रधाराला आवरणार नाही, आणि आवरूही नये.

ज्यांना गटच मिळत नाही त्यांच्यासाठी ‘आयर्नस्वॉर्न’ (२०१८) आहे. हा खेळ एकट्याने, दोघांनी सूत्रधाराविना किंवा नेहमीप्रमाणे सूत्रधारासह खेळता येतो. पात्र एक प्रतिज्ञा घेते आणि कथा तिच्या मागे धावते. पुढे काय घडले हे विचारायला प्रश्नोत्तरांचे तक्ते आहेत. मूळ नियमपुस्तक विनामूल्य मिळते. निवृत्त, एकाकी किंवा रात्रपाळीच्या माणसाला रोजनिशीसारखा हा खेळ चालवता येतो.

परदेशातील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने प्रश्न उलटा होतो. मुलांना इंग्रजी नियम सोपे असतात, अडते ती मराठी. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न मराठी शाळा आठवड्याच्या सुट्टीत चालतात. तेथील वयाच्या मुलांसाठी नियम इंग्रजीत आणि पात्रांचे बोलणे मात्र मराठीत, अशी वाटणी करता येते. त्यासाठी बोलण्याला वाव देणारी, पण वाक्ये छोटी ठेवणारी प्रणाली लागते. डन्जन वर्ल्ड येथे फेटपेक्षा सोयीचा, कारण फेटमधील लक्षणवाक्ये रचायलाच भाषेवर पकड लागते.

स्थानिक आशय

भारतीय वातावरणातील साहसे इंग्रजीत तुरळक आढळतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२२ मधील ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहातील तेरा साहसांपैकी मिमी मोंडल यांचे साहस बंगालच्या लोकजीवनावर आधारलेल्या कल्पित प्रदेशात घडते. मराठी मुलखाचे रूप मात्र सूत्रधारालाच उभे करावे लागते. त्यासाठी सामग्रीची उणीव नाही. वेताळ, मुंजा, हडळ, खवीस, ब्रह्मराक्षस या लोकसमजुतींतील भुतांचे स्वभाव आणि ठिकाणे ठरलेली आहेत. मुंजा पिंपळावर आणि वेताळ गावाच्या शिवेवर. पाश्चात्त्य पुस्तकांतील ट्रोल आणि गॉब्लिन यांना मराठी नावे देण्यापेक्षा हे रहिवासी तसेच उचलणे बरे. लढाऊ पेशांसाठी मर्दानी खेळांतील दांडपट्टा, विटा, बोथाटी ही शस्त्रे कोल्हापुरात आजही पाहायला मिळतात.

एका बाबतीत संयम हवा. ज्यांची आज पूजा होते अशी दैवते आणि शिवकालीन थोर पुरुष यांना पात्र किंवा शत्रू म्हणून टेबलावर आणू नये. १६६० मधील पन्हाळा ते विशाळगड ही वाट साहसाची रचना म्हणून अप्रतिम आहे: पाऊस, रात्र, पाठलाग, अरुंद खिंड आणि मुक्कामी पोहोचल्याची तोफ. ती रचना घ्यावी आणि कल्पित राज्यात मांडावी. खेळाडूंनी पालखीपुढे धावणारे अनाम मावळे व्हावे. फासा वाईट पडला म्हणून इतिहास बदलण्याची वेळ त्यामुळे येत नाही आणि टेबलावरचे वादही टळतात.

भाषा, परवाने आणि भाषांतर

या खेळाचा प्रसार ज्या देशांत खोलवर झाला, तेथे तो स्वभाषेत झाला. जर्मनीत १९८४ चा ‘दास श्वार्त्स आउगे’ हा मूळ जर्मन खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्सपेक्षा लोकप्रिय ठरला. जपानमध्ये १९८९ चा ‘सोर्ड वर्ल्ड’ स्वस्त, खिशात मावणाऱ्या पुस्तकरूपात निघाला आणि त्याला केवळ सहा बाजूंचे फासे लागत. मुलांना ते घरातच सापडत. स्वीडनमध्ये १९८२ चा ‘द्राकार ओक देमोनेर’ हेच काम करून गेला. भाषा, किंमत आणि सहज मिळणारे फासे या तिन्ही गोष्टी तेथे जुळून आल्या.

मराठीत हे करण्याच्या आड कायदा येत नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशकांनी २००० पासून चालत आलेला खुला परवाना बदलण्याचा घाट घातला असता जगभरच्या खेळाडूंनी मोठा विरोध केला आणि २७ जानेवारी २०२३ रोजी पाचव्या आवृत्तीचा सुमारे चारशे पानांचा मूलभूत नियमसंदर्भ ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला झाला. श्रेयनिर्देश केला की तो कोणीही कोणत्याही भाषेत आणू शकतो, विकूही शकतो. खेळाचे बोधचिन्ह, चित्रे आणि संदर्भाबाहेरच्या कथा मात्र यात येत नाहीत. फेट आणि डन्जन वर्ल्ड यांचा मजकूरही श्रेयनिर्देशाच्या अटीवर खुला आहे. केर्नचा परवाना ‘श्रेयनिर्देश व समान वाटणी’ या प्रकारचा असून विकिपीडियाच्या मजकुरालाही हाच परवाना लागू आहे. चारशे पानांचे भाषांतर हे मंडळाचे काम आहे. चोवीस पानांचे एका माणसाच्या उन्हाळी सुट्टीचे.

भाषांतरात परिभाषेपेक्षा व्याकरण अधिक अडवते. इंग्रजीत सूत्रधार सर्वांना एकाच सर्वनामाने संबोधतो. मराठीत ‘तू’ की ‘तुम्ही’ हे आधी ठरवावे लागते. टेबलावर समोर मामा असले तरी त्यांचे पात्र बारा वर्षांचा गुराखी असू शकते. पात्राला ‘तू’ आणि माणसाला ‘तुम्ही’ असा भेद ठेवला तर गोंधळ टळतो आणि गंमतही वाढते. लिंगाचा प्रश्न याहून बारीक आहे. ‘मी दार उघडले’ या वाक्यात बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही, पण ‘मी आत शिरलो’ किंवा ‘मी आत शिरले’ यांत ते लपत नाही. हेर स्त्रीची भूमिका घेतलेला मुलगा पहिल्याच वाक्यात अडखळतो. काही जण ‘ती आत शिरते’ असे तृतीय पुरुषी बोलून सुटका करून घेतात. त्यात चूक काही नाही, परंतु ज्या क्षणी तो न अडखळता ‘मी शिरले’ म्हणतो, त्या क्षणी भूमिका त्याच्या अंगात आलेली असते.

लागणारे साहित्य

पेन्सिल, कागद आणि फासे एवढ्यावर खेळ सुरू होतो. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंच्या फाशांचा संच ऑनलाइन दुकानांत मिळतो. तो नसल्यास तंबोल्यातील १ ते २० आकड्यांच्या सोंगट्या पिशवीत घालून एक काढावी. प्रत्येक वेळी काढलेली सोंगटी परत टाकायला विसरू नये, नाही तर शक्यता बिघडते. फेटचे फासे साध्या फाशावर भागतात: १-२ म्हणजे उणे, ३-४ कोरे, ५-६ अधिक. कवड्या वापरून पाहण्याची कल्पना अनेकांना सुचते. पण कवडी नाण्यासारखी निःपक्षपाती नसते. तिचे उताणे व पालथे पडणे सारख्या प्रमाणात होत नाही आणि प्रत्येक कवडीचा कल निराळा असतो. सारीपाटात दोन्ही बाजू त्याच कवड्या टाकतात म्हणून ते खपते. टक्केवारीवर बेतलेल्या नियमांत त्या वापरायच्या तर आधी शंभर वेळा टाकून नोंद ठेवावी लागेल.